पेट्रोलवरचा रस्ते उपकर रस्त्यावर किती येतो?

पैअन्‌पै

दर पावसाळ्यात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "एवढा कर भरतो, तरी खड्डे का?" आणि "इंधनावरचा कर कमी करा." बऱ्याचदा एकाच तोंडून, एकाच दमात. सत्तेत असलेला पक्ष सांगतो की विकासाला पैसा लागतो. विरोधात गेला की तोच पक्ष बैलगाडी मोर्चा काढतो. म्हणून आधी आकडे मांडतो, मग प्रश्न.

८ एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर केंद्राचं उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला २१.९० रुपये झालं. त्याचे चार तुकडे: मूळ उत्पादन शुल्क १.४०, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १३, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५, कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर २.५०. डिझेलवर याच क्रमाने १.८०, १०, २ आणि ४, म्हणजे १७.८०.

त्यावर राज्याचा व्हॅट. महाराष्ट्रात १ जुलै २०२४ पासून मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा वेगळा दर गेला. आता सगळीकडे पेट्रोलवर २५ टक्के अधिक लिटरला ५.१२ रुपये आणि डिझेलवर २१ टक्के. मुंबईतला भाव १०३ च्या आसपास धरला तर राज्याच्या वाट्याला लिटरमागे २४ च्या जवळपास जातात. केंद्रापेक्षा जास्त, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न असा: लिटरमागची ठरावीक रक्कम कायद्याने फक्त रस्त्यांना बांधून द्यावी का? माझ्या मते द्यावी. उरलेला कर सरळ "महसूल हवा म्हणून" असं सांगून घ्यावा.

उगाचच

म्हणजे पेट्रोलवाल्यांचा खड्डा ५ रुपयांचा आणि डिझेलवाल्यांचा २ रुपयांचा. माहितीबद्दल आभार.

गॅझेटवाचक

बांधून द्यायची कल्पना जुनीच आहे, आणि ती बॅ. मुकुंदराव जयकरांच्या समितीची. समिती १९२७ ची, अहवाल १९२८ चा. शिफारस अशी होती की पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा घ्यावेत आणि ते रस्त्यांसाठी वेगळे ठेवावेत. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला.

आताच्या उपकराची वंशावळ १९९८ पासून. तेव्हा पेट्रोलवर १ रुपया, १९९९ मध्ये डिझेलवर १ रुपया. मग केंद्रीय रस्ते निधी कायदा, २०००. त्यातली मूळ वाटणी अगदी नेमकी होती: डिझेलच्या उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांना, उरलेला निम्मा आणि पेट्रोलचा सगळा एकत्र करून त्यातले ५७.५ टक्के राष्ट्रीय महामार्गांना, ३० टक्के राज्यांच्या रस्त्यांना, १२.५ टक्के रेल्वे फाटकांवरचे पूल आणि सुरक्षिततेला. म्हणजे पैअन्‌पै मागतात ते एकदा झालेलं आहे.

बिघडलं २०१८ मध्ये. निधीच्या नावात "पायाभूत सुविधा" घुसल्या आणि सोबतच्या यादीत ऊर्जा, पाणीपुरवठा, दळणवळण, अगदी रुग्णालयं आणि शिक्षणसंस्थांच्या इमारतीसुद्धा आल्या. टक्केवारी कायद्यातून गेली. वाटप अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे आलं.

दुसरी मेख त्याहून जुनी. उपकर थेट निधीत पडत नाही. आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीत, जमा होतो, मग संसदेच्या मंजुरीने तिकडे वर्ग होतो. जमा आणि वर्ग यांत फट राहते. कॅगने २०१८-१९ च्या हिशोबात दाखवलं होतं की सगळे उपकर मिळून सुमारे २.७५ लाख कोटी जमा झाले आणि राखीव निधींत गेले सुमारे १.६४ लाख कोटी.

कोरडवाहू

ट्रॅक्टर, इंजिनावरचा पंप, मळणीयंत्र यांना जाळलेलं डिझेल रस्त्यावर येतच नाही. पण पंपावर तेच डिझेल, तोच उपकर, तोच २१ टक्के व्हॅट. ब्रिटनमध्ये शेतीच्या डिझेलला लाल रंग घालून कमी करात देतात आणि ते ट्रकच्या टाकीत सापडलं तर दंड करतात. आपल्याकडे रॉकेलला निळा रंग घालूनही भेसळ थांबली नाही, त्यामुळे रंगाचा उपाय सुचवत नाही. पण "वापरेल तो भरेल" हे तत्त्व डिझेलला लावताना आमचा नांगर धरू नका.

बारा_टायर

+१. मालवाहतुकीचंही बघा. परमिट, राज्याचा वाहन कर, डिझेलवरचा केंद्राचा कर, त्यावर राज्याचा कर आणि वर टोल. यातल्या डिझेलवरच्या कराची वजावट कुठेच मिळत नाही. टायर, सुटे भाग यांवरचा जीएसटी निदान काही पर्यायांत वळता करता येतो. डिझेल जीएसटीबाहेर असल्याने त्याचा कर थेट भाड्यात चढतो.

आणि राज्याचा व्हॅट केंद्राचं शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे केंद्राने डिझेलवर १ रुपया वाढवला की राज्याला बसल्या जागी २१ पैसे. विरोधी पक्षाचं राज्य असलं तरी ते २१ पैसे कोणी परत पाठवत नाही.

विनाधूर

मग जीएसटीत आणा की. प्रश्नच मिटला.

पैअन्‌पै

@विनाधूर, आकडे घालून बघा. मुंबईच्या १०३ मधून केंद्र-राज्याचे ४६ वजा केले तर डीलरचं कमिशन धरून उरतात ५७ च्या आसपास. जीएसटीचा सगळ्यात वरचा दर ४० टक्के लावला तरी कर होतो साधारण २३. म्हणजे निम्मा महसूल गेला, आणि उरलेला निम्मा केंद्र-राज्यात वाटायचा. वर व्यावसायिक खरेदीदाराला वजावट, म्हणजे डिझेलवरचा बराचसा कर हातात येऊन परत जाणार. घटनेच्या २७९अ(५) नुसार तारीख जीएसटी परिषदेने सुचवायची आहे. सप्टेंबर २०२१ च्या लखनौच्या बैठकीत विषय आला आणि "ही वेळ नव्हे" म्हणून गुंडाळला गेला. त्या खोलीत सगळ्या पक्षांचे अर्थमंत्री होते.

उगाचच

सर्वपक्षीय एकमत म्हणतात ते हेच.

मधला_आस

बारा_टायर यांचं वजावटीचं म्हणणं पटतं, पण "आम्हीच सगळं भरतो" या सुराला आक्षेप आहे.

रस्त्याचं नुकसान गाडीच्या एकूण वजनावर नाही, तर एका आसावर (ॲक्सलवर) किती भार आहे त्यावर ठरतं, आणि ते भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक फिरवून हे मोजलं. तुलनेसाठी धरलेला प्रमाण आस ८.१६ टनांचा. कारचा आस ६०० किलोचा धरा. ८१६० भागिले ६०० म्हणजे १३.६, त्याचा चौथा घात ३४ हजारांच्या वर. प्रमाण आसाची एक फेरी म्हणजे कारच्या आसाच्या ३४ हजार फेऱ्या.

आता कर बघा. ट्रक लिटरला ४ किमी देत असेल तर १७.८० भागिले ४, म्हणजे किलोमीटरला केंद्राचे ४.४५ रुपये. कार १६ देत असेल तर २१.९० भागिले १६, म्हणजे १.३७. ट्रक सव्वातीन पट भरतो. टोलचंही तेच: राष्ट्रीय महामार्गांच्या टोलच्या २००८ च्या नियमांतला मूळ दर कारला किलोमीटरला ६५ पैसे आणि दोन आसांच्या ट्रकला २.२० रुपये. साडेतीन पटही नाही. नुकसान मात्र हजारो पट.

त्यात जुलै २०१८ मध्ये ट्रकच्या चार टायर असलेल्या मागच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला १.३ टन. चौथा घात लावला की एका फेरीचं नुकसान ६० टक्क्यांनी वाढतं. त्याआधी आखलेल्या रस्त्यांची जाडी जुन्या भाराच्या हिशोबाने होती. ते पाच-सात वर्षं आधीच दमले तर कंत्राटदाराला शिव्या देण्यापूर्वी हे आठवावं.

बारा_टायर

@मधला_आस, चौथा घात मान्य. पण मर्यादा वाढवली म्हणून भाडं वाढलं नाही. उलट टनामागचं भाडं पडलं, कारण तेवढ्याच गाड्यांत जास्त माल बसायला लागला. फायदा माल पाठवणाऱ्याचा झाला. आणि तुमचा कारवाला जो सिमेंट-भाजी-फर्निचर वापरतो ते याच आसावरून येतं. शेवटी भरतो तोच.

ओव्हरलोडचं म्हणाल तर कायदा कडक आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार दंड, वर जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. उतरवलेला माल ठेवायला जागा आणि हमाल किती वजनकाट्यांपाशी आहेत ते पाहा. दंड घेऊन गाडी पुढे सोडली की रस्त्याचं नुकसान व्हायचं ते होतंच, फक्त पावतीसकट.

वॉर्ड_शून्य

मूळ मुद्दा भरकटतोय. खड्ड्यांवरून ओरड होते ती मुख्यतः शहरातल्या रस्त्यांची, आणि ते महापालिकेचे. लिटरमागच्या ४६ रुपयांतला एकही रुपया पालिकेला हक्क म्हणून मिळत नाही. गाडी घेताना भरलेला एकरकमी कर (पेट्रोल कारला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के) तोही राज्याचा. पालिकेकडे काय? मालमत्ता कर, बांधकाम परवानगीचे प्रीमियम आणि जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर राज्याकडून येणारी जीएसटीची भरपाई.

म्हणजे गाडी जाळते दिल्ली आणि मंत्रालयाचा कर, आदळते ती मालमत्ता कराच्या रस्त्यावर. महामार्ग गुळगुळीत आणि त्याचा सर्व्हिस रोड चाळण, हे दृश्य त्यामुळेच. पैअन्‌पै, तुमचा बांधलेला निधी महामार्गांनाच जाणार असेल तर शहरातल्या स्कूटरवाल्याला त्याचा उपयोग शून्य.

उगाचच

आयडीला जागलात.

गॅझेटवाचक

वॉर्ड_शून्य यांच्या मुद्द्याला राज्य पातळीवरचं जोड-दुखणं. केंद्र जे घेतं त्यातलं राज्यांशी वाटून घ्यावं लागतं ते फक्त मूळ उत्पादन शुल्क. उपकर आणि अधिभार वाटणीबाहेर. पेट्रोलच्या २१.९० पैकी वाटणीत १.४०, त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, आणि तेही सगळ्या राज्यांना मिळून. २०२०-२१ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या उत्पादन शुल्कातून ३.७२ लाख कोटी आले आणि राज्यांना त्यातले १९,९७२ कोटी गेले, असं उत्तर संसदेत दिलेलं आहे.

रस्ते उपकराचा प्रवास त्यामुळेच गमतीचा. २०१८ ला ८ रुपये, जुलै २०१९ ला ९, मार्च २०२० ला १०, मे २०२० मध्ये एकदम १८. तेव्हा कच्चं तेल कोसळलं होतं, ग्राहकाला स्वस्ताई द्यायच्या ऐवजी ती तिजोरीत वळवली. रस्त्यांची गरज काही एका रात्रीत ८ रुपयांनी वाढली नव्हती. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवर १३, डिझेलवर ८, आणि मे २०२२ मध्ये ५ आणि २. चढवताना रस्त्याचं नाव, उतरवतानाही रस्त्याचंच. मे २०२२ च्या कपातीला कारण असं दिलं गेलं की उपकरातून कापल्याने राज्यांच्या वाट्याला धक्का लागत नाही. खरंच आहे, वाटा होताच कुठे.

कोरडवाहू

राज्यही काही कमी नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात दुष्काळासाठी म्हणून लिटरला २ रुपये अधिभार लावला. पुढे पाऊस झाला, अधिभार मुक्कामाला राहिला. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाच्या निकालाने महामार्गालगतची दारूदुकानं बंद पडली, महसूल घटला, आणि पेट्रोलवर आणखी ३ रुपये चढले.

उगाचच

न पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांची उधारी फेडली. इतिहासात नोंद व्हावी.

पैअन्‌पै

आता उलट बाजूचा हिशोब, कारण "उपकर दुसरीकडे पळवतात" एवढ्यावर थांबलो तर चित्र चुकतं. देशात वर्षाला साधारण ४ कोटी टन पेट्रोल आणि ९ कोटी टनांच्या वर डिझेल खपतं. घनता ०.७४ आणि ०.८३ धरली तर सुमारे ५,४०० कोटी लिटर आणि ११,००० कोटी लिटर. पेट्रोलचे ५ रुपयांनी २७ हजार कोटी, डिझेलचे २ रुपयांनी २२ हजार कोटी. रस्ते उपकर मिळून ५० हजार कोटींच्या आत. इथेनॉलचा भाग वगळला की आणखी कमी.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रस्ते वाहतूक मंत्रालयाची तरतूद २.८७ लाख कोटी. म्हणजे आज उपकरापेक्षा कितीतरी जास्त पैसा केंद्र रस्त्यांवर घालतंय. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं कर्ज ३ लाख कोटींच्या वर गेल्यावर बाजारातून नवं कर्ज उचलणं थांबवलं आणि भार अर्थसंकल्पावर घेतला, त्याचा हा परिणाम. फक्त उपकरावर रस्ते चालवायचे ठरवले तर महामार्गांचं काम उद्या बंद पडेल.

मोजमापवही

इतका वेळ वाचत होतो. पैसा किती यापेक्षा खर्चाच्या कोणत्या लेखाशीर्षाखाली, हे कोणी विचारत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांची नवी कामं, ३०५४ म्हणजे देखभाल. ५०५४ ला नारळ फुटतो, फलक लागतो. ३०५४ ला गटार साफ करणं, साइडपट्टी छाटणं, भेगा भरणं; त्याचं उद्घाटन होत नाही. त्यात हायब्रिड ॲन्युइटीची कामं घेतली की कंत्राटदाराला बांधताना ४० टक्के आणि उरलेले ६० टक्के हप्त्यांनी. केंद्राच्या मूळ नमुन्यात १५ वर्षं. म्हणजे पुढच्या तीन सरकारांचा पैसा आज बांधला. तंगी आली की कात्री पहिली ३०५४ ला.

आणि ती कात्री कशी दिसते ते सांगतो. डांबरी रस्त्याला जोरदार पावसाच्या भागात आडवा उतार २ ते २.५ टक्के लागतो. सात मीटर रस्त्यात मधून कडेपर्यंत जेमतेम ९ सेंमी. साइडपट्टीवर माती-गवत साचून ती १० सेंमी वर आली की उतार असून नसल्यासारखा. पाणी कडेला उभं राहतं, भेगेतून खाली उतरतं, वरून चाक गेलं की दाबाने खडीवरचं डांबर सुटतं. त्या साइडपट्टीवर जेसीबी फिरवायला लागणारे पैसे आणि वर्षभराने कराव्या लागणाऱ्या अस्तरीकरणाचे पैसे यांची तुलनाच नको.

खड्डा भरायचीही रीत आहे. घट्ट थर लागेपर्यंत चौकोनी कापायचा, कडा उभ्या. चिखल-पाणी काढून झाडायचं. तळाला आणि चारही कडांना इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) हात. ते तपकिरी असतं. त्यातलं पाणी सुटून ते काळं होईपर्यंत थांबायचं. मग गरम मिश्रण थराथराने, आजूबाजूच्या पातळीपेक्षा काही मिलिमीटर वर ठेवून रोलर. व्हीजी-३० प्रतीचं डांबर असेल तर मिश्रण ९० अंशांखाली उतरायच्या आत दाबून झालं पाहिजे. प्रत्यक्षात डंपर वाहतुकीत अडकतो, मिश्रण गार होतं, इमल्शनचा पिंप गाडीतच राहतो आणि डबक्यातच फावड्याने माल ओतून तोच डंपर वरून फिरवतात. चार दिवसांत खडी सुटी. कर दुप्पट केला तरी असं काम दुप्पट होईल, एवढंच.

मधला_आस

सोन्यासारखा प्रतिसाद. ३०५४ चं लोक विसरतात.

विनाधूर

अवांतर नाही, पण कोणीच म्हणत नाही म्हणून: इंधनकरावर रस्ते चालवायचं मॉडेल वीजगाड्यांमुळे हळूहळू आटणार आहे. वीजगाडी लिटर जाळत नाही. राज्यात वाहन करात सवलत, आणि ऑगस्ट २०२५ पासून समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर वीज कारला टोलही नाही. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून वीजगाड्यांना किलोमीटरवर आकार लावला, हलक्या गाडीला १,००० किमीला ७६ डॉलर, तिथले. आपल्याकडे आज सवलत योग्यच आहे, बाजार वाढायचाय. पण बांधून द्यायची रक्कम लिटरवर ठरवली तर पंधरा वर्षांनी निधी रिकामा.

बारा_टायर

वीजगाडी बॅटरीमुळे जड असते, हे मधल्या आसाने अजून कसं सांगितलं नाही?

मधला_आस

कारमध्ये दोन-तीनशे किलोने घंटा फरक पडत नाही. ई-बस आणि ई-ट्रक आले की बोलू.

टोलवाटोलवी

उशिरा आलो. तो तीन हजारांचा फास्टॅग वार्षिक पास कर वाचवायला उपयोगी आहे का? समृद्धीवर चालतो का?

पैअन्‌पै

करापासून सुटका नाही, फक्त टोल. १५ ऑगस्ट २०२५ ला पास सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. खासगी कार, जीप, व्हॅनलाच. राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांच्या नाक्यांवरच चालतो. समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती राज्याच्या महामंडळाचे, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. बंद पद्धतीच्या नाक्यांवर आत-बाहेर मिळून एक फेरी धरतात.

उगाचच

मुंबई-गोवावाल्यांनी पास घेऊ नये. २०११ पासून काम चालू आहे, पासची मुदत आधी संपेल.

वॉर्ड_शून्य

मूळ प्रश्नावर या. पैअन्‌पै, मोजमापवहीचं वाचल्यावरही "बांधून द्या"च म्हणणार?

पैअन्‌पै

हो, पण आता असं म्हणेन. नव्या कामांना नको, त्यांना अर्थसंकल्प आणि टोल आहेत. राज्याच्या पेट्रोलवर ते ५.१२ रुपये वेगळे दिसतातच. तेवढे फक्त देखभालीला बांधा. वाटप रस्त्याच्या लांबीवर आणि आसभाराच्या मोजणीवर, त्यात महापालिका आणि जिल्हा परिषदाही. व्हॅट टक्क्यांत असल्याने भावाबरोबर वरखाली होतो, हे ५.१२ होत नाहीत, म्हणून देखभालीच्या नियोजनाला सोयीचे.

गॅझेटवाचक

राज्य ते पैसे आधी आपल्या संचित निधीमध्ये घालणार, मग तीच फट. विधिमंडळाने वेगळा कायदा करून दर तिमाहीला वर्ग करायची सक्ती आणि न खर्चलेली रक्कम पुढे ओढायची मुभा घातली तरच उपयोग. नाहीतर ३१ मार्चला पैसा परत जाऊ नये म्हणून मार्चभर डांबर ओतलं जाईल.

कोरडवाहू

आणि ट्रॅक्टरचं?

पैअन्‌पै

५.१२ पेट्रोलवरच आहे, डिझेलवर नाही. तुमचा नांगर सुटला.

बारा_टायर

नांगराबरोबर आम्हीही सुटलो, मधल्या आसाला कळवू नका.

मधला_आस

कळलं. ट्रकचा वाटा आसभारावर वाहन करातून घ्यावा लागेल. वेगळा धागा काढतो.

टोलवाटोलवी

तोवर घरासमोरच्या रस्त्याचं काय करायचं ते सांगा कोणीतरी.

मोजमापवही

आधी रस्ता कोणाचा ते काढा. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बहुतेक करून बांधकाम खात्याकडे (काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे), इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, शहरातले पालिकेकडे. मग १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. "रस्ता खराब का" असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. चार कागद मागा: कार्यारंभ आदेशाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोष दायित्व कालावधी कधी संपतो, आणि त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची पानं. ३० दिवसांची मुदत असते. कालावधी चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने आहे, पालिका "निधी नाही" म्हणू शकत नाही. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी लिहिलेली असते. खड्ड्याच्या कडेला पट्टी लावून फोटो काढा आणि दोन्ही एकत्र जोडून कार्यकारी अभियंत्याला द्या, पोच घ्या.